यंत्राची उचकी

आमच्या कॉलेजात पेट्रोलवर चालणारे, गवत कापायचे एक यंत्र आहे, हे मैदानावर खेळणाऱ्यांखेरीज फारसे कुणाला ठाऊक नाही. बेळगावचा पाऊस जूनमध्ये धरतो तो सप्टेंबर सरेपर्यंत सोडत नाही. तेवढे दिवस मैदानात चिखल आणि यंत्र जिमखान्यामागच्या खोलीत. ऑक्टोबरात खोली उघडते तेव्हा गवत पोटरीला लागत असते आणि क्रीडास्पर्धा तोंडावर आलेल्या असतात. गेल्या ऑक्टोबरात यंत्र सुरू झाले खरे, पण धड चालेना. आवाज चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा. बंद पडत नव्हते, आणि नीटही चालत नव्हते.

आमचे माळीमामा कन्नड बोलणारे. मी जवळ गेलो तेव्हा ते म्हणाले, "तम्मा, इदक्क बिक्कळिके बंदैति." बिक्कळिके म्हणजे उचकी. यापेक्षा नेमका शब्द मला मराठीत सुचला नसता. उचकी लागली की कोणीतरी आठवण काढते म्हणतात. या यंत्राची आठवण त्या दिवसांत ऑफिस काढत होते, आणि ती काही बरी नव्हती. एका मेकॅनिकने उभ्याउभ्या पाहून "कार्बोरेटर गेलाय, नवा टाका, नाहीतर मशीनच बदला" असा निकाल दिला होता. त्यापेक्षा गवताचे काम बाहेर कंत्राटाने का देऊ नये, अशी बोलणी सुरू झाली होती. मामा रोजंदारीवर. यंत्र गेले तर त्यामागे चालणारा माणूस कशाला हवा, हा हिशेब त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

माझे वडील उद्यमबागेत लेथवर काम करतात. यंत्राला पाना लावण्याआधी कान लावावा, हे त्यांच्याकडून मी लहानपणीच ऐकलेले. म्हणून मी मामांना विचारले, "मामा, उचकी कधी लागते? सारखी?"

"नाही की. मोकळं फिरवलं की मारतंय. दाट गवतात घातलं की गप्प बसतंय बघ."

निम्मे निदान इथेच झाले होते. कसे, ते सांगण्यासाठी थोडे विज्ञान सांगावे लागेल. कला शाखेच्या वाचकांनी राग मानू नये.

यंत्राच्या दांड्यावर एक खटका असतो. त्याच्या एका टोकाला सशाचे चित्र, दुसऱ्याला कासवाचे. खटका सशाकडे नेला की थ्रॉटल उघडतो, असा सर्वांचा समज. प्रत्यक्षात पुष्कळशा यंत्रांत तो खटका फक्त एक स्प्रिंग ताणतो. थ्रॉटलची झडप खरोखर हलवतो तो गव्हर्नर. स्प्रिंग झडप उघडायला ओढते. इंजिन जोरात फिरू लागले की आतली वजने बाहेर फाकतात आणि झडप मिटायला ढकलतात. या रस्सीखेचीत जिथे बरोबरी होते, तो इंजिनाचा वेग. जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, त्याचेच हे धाकटे भावंड. असले गव्हर्नर कधी स्थिरावतात आणि कधी हेलकावे खात राहतात, याचे गणित मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडले. ज्या मॅक्सवेलची चार समीकरणे आम्ही परीक्षेसाठी घोकतो, तोच हा. सिलॅबसात त्याचा हा निबंध नाही याचे मला वाईट वाटते.

आता आमची उचकी. यंत्र मोकळे फिरत असते तेव्हा झडप जवळजवळ मिटलेली असते, आणि पेट्रोल येते ते एका बारीक जेटमधून. त्याचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. ते तुंबले की हवा जास्त आणि पेट्रोल कमी. वेग पडतो. गव्हर्नर घाईने झडप उघडतो, मोठ्या जेटमधून पेट्रोल येते, वेग उसळतो, गव्हर्नर झडप मिटतो, आणि पुन्हा तीच उपासमार. दाट गवतात पात्यावर भार येतो, झडप उघडीच राहते, मोठा जेट चालू राहतो, म्हणून यंत्र गप्प. मामांनी जेट हा शब्दही ऐकला नव्हता, पण मेकॅनिकने न विचारलेली गोष्ट त्यांच्याजवळ होती.

खात्रीसाठी चालू इंजिनाचा चोक अर्धा ओढला. हवा कमी झाली आणि उचकी लगेच थांबली. म्हणजे पेट्रोलच कमी पडत होते. फटीतून जादा हवा शिरत असती तरी असेच झाले असते, म्हणून पॅकिंगही तपासायचे ठरले.

रविवारी सकाळी बाहेर उघड्यावर बसलो. आधी इंजिन निवू दिले आणि प्लगची वायर काढून बाजूला केली. खाली पाते असते. हाताने फिरवतानाही इंजिन पेट घेऊ शकते, तिथे घाई नको. यंत्र कलवताना कार्बोरेटरची बाजू वर ठेवली, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरते. खालची वाटी उघडली तर तळाशी पिवळट, चिकट साका. पॅकिंग शाबूत होते. बारीक जेट उजेडात धरला, पलीकडचे काही दिसेना. विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार घेऊन, पेट्रोलमध्ये भिजवून, हलक्या हाताने भोक मोकळे केले. पोलादी सुई घातली तर भोकच मोठे होते.

मामा म्हणाले, "आता पेट्रोलमध्ये उसाचं पाणी घालतात म्हणे." २०२५ पर्यंत आपले पेट्रोल वीस टक्के इथेनॉलवर आले, आणि आमच्या जिल्ह्यात तर उसाला तोटा नाही. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते हे खरे. पण सगळा दोष त्याच्या माथी मारणे मला पटत नाही. चार महिने वाटीत पडून राहिलेले पेट्रोल पूर्वीही असेच चिकट होत असे.

जोडून सुरू केले. मोठी उचकी गेली, तरी बारीक थरथर उरलीच. एक तास आम्ही दोघे त्याभोवती फिरत होतो. शेवटी मामांनीच बोट दाखवले: गव्हर्नरपासून झडपेकडे जाणाऱ्या तारेवर पूर्वी एक केसासारखी स्प्रिंग असायची, ती दिसत नव्हती. कधीच्या तरी दुरुस्तीत ती गळाली असावी. तिच्यावाचून ती तार भोकात सैल हलत होती. मोठ्या स्प्रिंगला हात लावला नाही; तिचा ताण वाढवला तर पाते नेमून दिलेल्या वेगापलीकडे जाते, आणि ते जीवावरचे काम. सोमवारी दुकानातून त्याच जातीची बारीक स्प्रिंग आणून लावली. आवाज एका सुरात लागला. मामा खटका सशाकडे, कासवाकडे, पुन्हा सशाकडे असा कितीतरी वेळ फिरवत राहिले.

दोन दिवसांत मैदान कापून झाले आणि चुन्याच्या रेषा पडल्या. पावसाळ्याआधी टाकी आणि वाटी कोरडी करायची, हे मामांनी खोलीच्या दारामागे खडूने लिहून ठेवले आहे. कंत्राटाचे नाव त्यानंतर कुणी काढलेले माझ्या कानावर आले नाही. पण अर्ज फाइलीत आहे म्हणतात. जूनमध्ये काय होईल ते मामांना ठाऊक नाही, आणि मी तर तेव्हा या कॉलेजात नसेन.