फवारणीच्या दिवसांतली खडबडीत रेघ

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी, शेतमजूर विषबाधा होऊन भरती होऊ लागले. वीसहून अधिक माणसं दगावली. मी तेव्हा वॉर्डात परिचारिका होते.

पेशंट यायचे ते घामानं निथळत. छातीवर मॉनिटरचं स्टिकर टिकायचं नाही. आधी गॉझनं कातडी कोरडी करायची, मगच लावायचं.

‘‘शॉक तं नाही बसत ना, बाई?’’ एकानं विचारलं.

‘‘नाही दादा. हे काही देत नाही, तुमच्याच हृदयातली वीज टिपते.’’

ही वीज कातडीवर पोचते तेव्हा जेमतेम एक मिलिव्होल्ट असते. शरीरात ती सोडियम, पोटॅशियम, क्लोराइडचे आयन वाहतात, तारेत इलेक्ट्रॉन. दोघांची देवाणघेवाण स्टिकरखाली होते. तिथं चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा पातळ थर असतो. जेलमधला क्लोराइड चांदीशी जुळला की इलेक्ट्रॉन मोकळा होतो. उलट दिशेनं क्लोराइड सुटतो. नुसत्या धातूवर भार साचतो आणि मॉनिटरवरची रेघ भरकटते. विलेम आइन्थोव्हेन पेशंटचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून ईसीजी काढत. त्यांना 1924 चं नोबेल मिळालं. ते खारं पाणी आता जेलच्या थेंबात आलंय. म्हणून जेल सुकलेलं स्टिकर मी कुणाला वापरू देत नाही.

त्या दिवसांत मात्र नव्या स्टिकरवरही रेघ करवतीसारखी यायची. नवशिक्या मुली स्टिकर बदलत राहायच्या. मी म्हणायचे, आधी चादर बाजूला करून छाती बघा. स्नायू फडफडताना दिसायचे. फवारणीच्या औषधातल्या ऑर्गनोफॉस्फेटमुळे अ‍ॅसिटिलकोलीन या निरोप्या रसायनाला मोडणारं एन्झाइम बंद पडतं, मग मज्जातंतूचा हुकूम थांबतच नाही. स्नायूंच्या पेशींनाही वीज असते, आणि चांदी हृदयाची तेवढी निवडून घेत नाही. ती खडबड म्हणजे विषाचंच लक्षण होतं.

अ‍ॅट्रोपिन या उताऱ्यानं घाम, लाळ आटते, नाडी वाढते. स्नायूंवर त्याचा इलाज चालत नाही. पण घाम थांबला की नातेवाईक म्हणायचे, ‘‘बरा झाला आता, घरी नेतो. वावरात कामं पडलीत.’’ त्यांना मी मॉनिटरपाशी उभं करायचे. ‘‘हे बारीक दाते दिसतात? स्नायूंमधलं विष अजून उतरलं नाही. श्वासाचे स्नायू दोन-तीन दिवसांनीही थकू शकतात. मान उचलता येते का, श्वास कसा चाललाय, ते आम्हाला बघू द्या.’’

बरेचजण थांबले.