न ऐकता दिलेला निकाल

पूर्वपक्ष नीट समजून घेतल्याखेरीज त्याचे खंडन करू नये, हा नियम आम्ही जन्मभर विद्यार्थ्यांकडून घोकून घेतला. तो आम्ही स्वतः कितपत पाळला, याचा प्रामाणिक जबाब आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

आमची धाकटी नात तीन वर्षांपासून पाश्चात्त्य पद्धतीने व्हायोलिन शिकत आहे. ख्याल व नाट्यपदे यांवर पोसलेल्या आमच्या कानांस ते शिक्षण कधी रुचले नाही. "त्यात राग नाही, समेची ओढ नाही, शेकडा माणसांनी मिळून केलेला तो गलबला!" असा निकाल आम्ही जेवणाच्या पंगतीत अनेकदा दिला. घरात कोणी उलट बोलले नाही. मात्र पुढे पुढे जिन्यावर आमच्या काठीचा आवाज झाला की पोर वाजविणे थांबवून वाद्य पेटीत ठेवू लागली. त्यात आम्हांस काही वावगे वाटले नाही, हे सांगावयास आज लाज वाटते.

मध्यंतरी थोरल्या सूनबाईंस ताप आला, नरिमन पॉइंट येथील एक तिकीट फुकट जाऊ लागले, आणि पैसे वाया जाऊ नयेत एवढ्याच उदात्त हेतूने आम्ही नातीबरोबर गिरगावातून निघालो. मुंबईस हा प्रकार नवा नव्हे. मेहली मेहता यांनी १९३५ साली येथे बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. आम्ही ऐकावयास गेलो तो सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वृंद खुश्रू सनटूक व कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह यांनी २००६ साली स्थापिला. उस्ताद झाकिर हुसेन यांची तबला व वाद्यवृंद यांसाठी रचिलेली 'पेशकार' ही कृती प्रथम २०१५ साली याच वृंदाने वाजविली.

त्या सायंकाळची मुख्य कृती बेटोव्हेन याची पाचवी सिंफनी ही होती. तिचे पहिले चार स्वर कोणी ऐकले नाहीत? तीन लघू व एक गुरू. छंदःशास्त्राच्या भाषेत नगणापुढे गुरू, आणि तोही प्लुत केलेला. तबकडीवर हे आम्हांसही ठाऊक होते. परंतु प्रत्यक्ष पाहिले तेव्हा निराळेच दिसले. चालकाची छडी खाली आली, आणि त्या क्षणी एकही स्वर उमटला नाही! रचनेचा आरंभच मुळी विरामाने होतो. सर्वांनी मिळून तो अर्धा श्वास मौन पाळावयाचे आणि मग एकदम तुटून पडावयाचे. ज्यास आम्ही गलबला म्हणत होतो, त्याचा पाया एकत्र गप्प राहण्यात होता.

दुसरी गोष्ट याहून मोठी. मागील बाजूस तीन ट्राँबोनवाले वाद्ये मांडीवर घेऊन बसले होते. पहिला भाग झाला, दुसरा झाला, तिसराही संपत आला. वीस-पंचवीस मिनिटे त्यांस एक स्वरही नाही. तिसऱ्या भागाच्या शेवटी सारे वादन कुजबुजीइतके मंद झाले, मोठा नगारा दूरवर छातीचे ठोके पडावेत तसा वाजत राहिला, आणि मध्ये न थांबता चौथा भाग उसळला. तेव्हा ते तिघे प्रथम वाजू लागले. समोर ध्वनिक्षेपक नव्हता, तरी पायांखालची फळी थरथरल्याचा भास झाला. इतका वेळ त्यांनी राखलेल्या मौनाचे मोल तबकडीवर कळत नाही. ते डोळ्यांनी पाहावे लागते. एकत्र कुटुंबात वर्षानुवर्षे अशीच गप्प राहिलेली माणसे आम्हांस तेव्हा आठवली.

श्रोत्यांविषयी एक तक्रार आहे. हळुवार दुसऱ्या भागात कोणाचा तरी भ्रमणध्वनी खणखणला, आणि ऐन रंगात रसभंग झाला. भागांच्या मध्ये टाळ्या पडल्या, त्याचे मात्र आम्हांस विशेष वाटले नाही. बेटोव्हेनच्या काळचे श्रोतेही तसे करीतच.

ही सिंफनी प्रथम वाजली ती २२ डिसेंबर १८०८ रोजी, व्हिएन्ना येथे. नाट्यगृहात कडाक्याची थंडी, तालीम अपुरी, कार्यक्रम चार तासांचा. शेवटची कृती तर मध्येच मोडून पुन्हा धरावी लागली. अशा रात्री कोणास काय कळणार? पुढे १८१० साली हॉफमन या लेखकाने रचनेची लिखित प्रत अभ्यासून तिची मनःपूर्वक थोरवी गायिली. त्याने निदान वाचले तरी होते. आम्ही वाचलेही नव्हते, ऐकलेही नव्हते. आणि निकाल मात्र पंगतीत बसून देत होतो.

आमची ख्यालावरील निष्ठा तसूभरही ढळलेली नाही. गवयाने एकाच स्वरावर थांबून सारे विश्व उभे करावे, ती गोडी येथे नाही. पण सत्तर-ऐंशी माणसांनी स्वतःचे वाजविताना शेजाऱ्याचे ऐकत राहावे, हीही एक साधनाच होय, आणि तिला गलबला म्हणणे हा अविवेक होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही काठी खालीच दाराशी ठेवली आणि कठड्यास धरून जिना चढलो. आतून वादन चालू होते. एक स्वर सारखा उतरत होता, आणि पोर तोच पुन्हा पुन्हा घासून पाहत होती. आम्ही पायरीवर बसलो. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, दचकली, आणि "आजोबा, बंद करू का?" म्हणाली.

"नको," आम्ही म्हटले, "तो चुकतो आहे तो स्वर पुन्हा ऐकव."