बत्तीसला चार

क्रिकेटवर पैज लावू नये आणि नातवाशी तर मुळीच लावू नये. परका माणूस चार दिवसांनी विसरतो तरी. नातू विसरत नाही, शिवाय घरातच राहतो.

आमच्या नातवाला सीझन बॉलची बॅट हवी होती आणि मी नको म्हणत होतो. पैसे हे खरं कारण, पण खरं कारण का कुणी उघड सांगतं? उघड कारण असं, की आपण पडलो धाराशिवची माणसं. मुंबई-पुण्याची पोरं दूध सुटायच्या आत पॅड बांधतात. आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला की सामना थांबतो आणि दोन्ही कर्णधार घागरी आणायला पळतात.

"आबा, राजवर्धन हंगरगेकर तुळजापूरचाच ना?" नातू विचारी. आता तुळजापूर आमच्यापासून वीस-बावीस किलोमीटर, आणि तो मुलगा २०२२ साली एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकलेल्या संघात होता, हे मलाही ठाऊक. मी म्हणे, "तो केवढा ताडमाड आहे. तू आधी दूध पी."

अशात ६ फेब्रुवारी २०२४ उजाडला. मंगळवार. दक्षिण आफ्रिकेतल्या बेनोनीला त्याच विश्वचषकाचा उपांत्य सामना. आफ्रिकेच्या पोरांनी २४४ केल्या होत्या. आमच्या डावाच्या पहिल्याच चेंडूवर आदर्श सिंग गेला. मग मुशीर खान ४ वर. सोलापूरचा अर्शीन कुलकर्णी १२ वर परतला तेव्हा आपला दक्षिणेकडचा शेजारीच गेला म्हणून मला वाईट वाटलं. चौथाही गेला आणि फलक झाला ३२ ला ४.

अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने गप्प बसावं. मी बसलो नाही. "संपलं," मी म्हणालो, "हे जिंकले तर उद्या बॅट!" नातवाने उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर सात तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने 'बॅट' लिहिलं. तारीख, वार, सगळं पक्कं. वकील होणार पोरगं.

आणि सहाव्या क्रमांकावर आला सचिन धस. बीडचा! म्हणजे आमचा उत्तरेकडचा शेजारी. सोलापूरहून निघालेला महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येरमाळा करत बीडलाच जातो. तीन दिवसांपूर्वी एकोणीस पूर्ण केलेलं पोर, वडिलांनी तेंडुलकरवरून नाव ठेवलेलं. आमच्या गल्लीतही दोन सचिन आहेत. एक पिठाची गिरणी चालवतो. नावाने काय होतं, असं मी मनात म्हणतोय तोवर त्याने चौकार मारला.

त्याचा प्रत्येक चौकार मला दीड-दोनशे रुपयांना पडत होता. माझी सगळी भिस्त कर्णधार उदय सहारणवर. तो एकेक धाव अशी काढत होता, की मी पेन्शनीतून पैसे काढतो. हा असाच खेळला तर षटकं संपतील, असा माझा हिशेब. पण धसला हिशेब कळेना. फलंदाजीची पडझड झालीय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं बहुधा.

त्याचं अर्धशतक झालं तेव्हा आमची ही स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभी होती. ती आत जायला वळली आणि मी ओरडलो, "हलू नकोस! जोडी फुटेल!"

"आमटी करपंल की, अहो."

"करपू दे!"

नातू माझ्याकडे टक लावून बघत होता. "आबा, तुम्ही नक्की कुणाकडून?"

याचं उत्तर मला देता येईना. शाळेत असताना आमच्या संघाचीही अशीच दाणादाण उडाली होती. एकच पोरगा उभा होता, काय सुंदर खेळत होता! त्याला साथ द्यायला अकरावा म्हणून मी गेलो. "नुसता उभा राहा रे," एवढंच तो म्हणाला. पहिल्याच चेंडूवर माझा दांडा उडाला. मी त्याच्याकडे न बघता चालू लागलो तो घरापर्यंत. बॅटला पुन्हा हात लावला नाही, आणि नातवाला लावू देत नव्हतो.

त्या दोघांनी १७१ धावा जोडल्या. मग ९६ वर धस बाद झाला. ९५ चेंडू, ११ चौकार, एक षटकार आणि शतकाला चार कमी. नातवाचे डोळे भरले. माझेही, पण मी ते आमटीच्या धुरावर घातलं. अजून ४२ हव्या होत्या. पुढे तर धावा बरोबरीत आल्या आणि ८१ वर उदयच धावबाद झाला! शेवटी राज लिंबानीने चौकार मारला, सात चेंडू राखून आणि दोनच गडी राखून. मी कोचावर उभा होतो हे मला हिने नंतर सांगितलं.

सात तारखेला दुकानात गेलो. किंमत ऐकून माझी अवस्था पुन्हा ३२ ला ४. अकरा तारखेला आपण ऑस्ट्रेलियाकडून ७९ धावांनी अंतिम सामना हरलो, तेव्हा मी बॅट परत करण्याचा विषय काढून पाहिला. "पैज उपांत्य सामन्याची होती," वकील म्हणाले.

पुढच्या रविवारी भाजी आणायला म्हणून मैदानाकडून गेलो. मंडई दुसऱ्या दिशेला आहे, हे हिने सुदैवाने विचारलं नाही. नातवाचा संघ कोसळलेला. हा एका टोकाला नुसता उभा, आणि समोरचा दांडगा पोरगा मारतोय. नऊ चेंडू. धावा शून्य, पण नाबाद. सामना जिंकल्यावर माझ्याकडे धावत आला. मला वाटलं पाया पडतो.

"आबा, बोटं लई दुखतात," तो म्हणाला. "ग्लोव्हज लागतील."

पिशवी रिकामीच होती. मी म्हणालो, "आधी भाजी घेऊ."