चमचाभर पाणी

बाबांना पक्षाघात झाल्याचं कळताच आत्या थर्मासमध्ये चहा घेऊनच दवाखान्यात पोचली. इंदूरकर माणूस, आजाऱ्याला उपाशी कसा ठेवणार? पण सिस्टरनी कप अडवला. गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही! आत्याला ते निर्दय वाटलं.

सिस्टरनी बाबांना ताठ बसवून चमचाभर पाणी दिलं. गळ्यावर बोटं ठेवून कंठमणी वर जातो का ते पाहिलं, मग म्हणाल्या, "अंकल, आ बोलिए." आवाज ओला, घोगरा आला. ठसका मात्र नाही. भीती त्याचीच असते, पाणी मुकाट्याने श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. मी सॉफ्टवेअरवाला, एरर न दाखवता चुकणारा प्रोग्रॅम किती घातक, हे मला सांगावं लागत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या १९ स्ट्रोक युनिटांचा अभ्यास २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. परिचारिकांनी ताप, साखर आणि गिळणं नेमाने सांभाळलं, तिथे तीन महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण ४२ टक्के होते, इतरत्र ५८. नवं औषध एकही नाही!

काही दिवस नळीतूनच अन्न. सिस्टर रोज बाबांचे दात, जीभ स्वच्छ करायच्या. तोंडातले जंतू फुफ्फुसात जाऊ नयेत म्हणून. मग दाट पेज, छोटे घास, जेवणानंतर अर्धा तास बसूनच.

आत्या आता जेवताना टीव्ही बंद करते, बाबांना बोलूही देत नाही. चहा अजून दाट करूनच मिळतो. बाबा त्याला खळ म्हणतात.