आईचं सीप्झ, मामाचं शेत

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसात. खांद्यावर लॅपटॉपची बॅग, डोक्यात वीकेंड आणि ऐरोलीच्या आमच्या आयटी पार्कच्या गेटवर सिक्युरिटीवाले काका. "मॅडम, गेटपास?" पास राहिला होता सातव्या मजल्यावर, डेस्कवर. "अहो काका, कंपनीनंच दिलाय लॅपटॉप!" "असंल, पण हे सेझ आहे. पास लागतोच." चरफडत पुन्हा लिफ्टकडे.

नियमामागचं कारण मात्र भारी आहे. 2005 च्या सेझ कायद्यानुसार असा भाग कस्टम्सच्या दृष्टीनं देशाबाहेरचा धरला जातो. म्हणजे मी रोज सकाळी व्हिसाशिवाय परदेशी जाते आणि रात्री रिकामा डबा घेऊन मायदेशी परतते! आत येणाऱ्या मालावर ड्युटी नाही, निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं पूर्ण आयकरमाफी. (2020 च्या मुदतीनंतर आलेल्या नव्या युनिटना ही माफी नाही.) हिशेब सरळ आहे: सरकारनं कर सोडायचा, कंपन्यांनी डॉलर आणि नोकऱ्या आणायच्या. चीननं शेन्झेनमध्ये 1980 साली हेच केलं. आपण तर 1965 मध्येच कांडल्याला निर्यात क्षेत्र काढलं होतं. अंधेरीचं सीप्झ आलं 1973 मध्ये.

सीप्झ म्हणजे माझ्या आईचा जिव्हाळ्याचा विषय. लग्न होऊन ती पेणहून अंधेरीला आली आणि चार-सहा महिन्यांत सीप्झमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स युनिटमध्ये लागली. दिवसभर सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग. लाइनवर बहुतेक बायकाच. तिच्या पगारातून घरात फ्रीज आला आणि माझी इंजिनीअरिंगची फीसुद्धा गेली. त्यामुळे आमच्याकडे 'सेझ' हा शब्द कौतुकाचाच.

मला नोकरी लागली त्या वर्षी गणपतीला पेणला मामाकडे गेलो. मी पेढे पुढे करत म्हटलं, "मामा, सेझमध्ये लागले!" मामानं पेढा घेतला, पण खाल्ला नाही. हातातच धरून बसला.

पेण, उरण, पनवेलच्या गावांवर महामुंबई सेझ येणार होतं, हे मला बातमीपुरतं ठाऊक होतं. मामाचं भातशेत त्यात होतं, हे माहीत नव्हतं. हेटवणे धरणाचं पाणी मिळणार म्हणून ही गावं वाट बघत बसली होती, आणि आल्या भूसंपादनाच्या नोटिसा. सेझच्या निम्म्या जमिनीवर उद्योग असले की पुरे. बाकीच्या निम्म्यात घरं, हॉटेलं, मॉल चालणार होते. लोक रस्त्यावर उतरले, प्रा. एन. डी. पाटील त्यांच्या पुढे उभे राहिले. 21 सप्टेंबर 2008 ला पेण तालुक्यातल्या 22 गावांत चक्क जनमत घेतलं गेलं. 2009 मध्ये संपादनाची मुदत संपली आणि जमीन शेतकऱ्यांकडेच राहिली.

"रांगेत उभं राहून मत टाकलं," मामा म्हणाला. "आमची जमीन, पण आम्हाला पहिल्यांदाच कुणी विचारलं."

आई म्हणाली, "अरे दादा, पण माझं घर सीप्झवरच उभं राहिलं ना?"

"तुला तिथं काम मिळालं, ताई. मी दहावी नापास. मला कुणी आत घेतलं असतं? फार तर गेटवर उभं केलं असतं."

आई गप्प झाली. मीसुद्धा.

दोघंही खरंच बोलत होते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आईसारखीला दारातून आत घेणारं सेझ घर उभं करतं. पण त्यासाठी ज्याचं शेत जातं त्याला विचारणारच नसाल, आणि आत त्याच्याजोगं कामही नसेल, तर निर्यातीचे आकडे कितीही वाढोत, त्याच्या हाती काय पडणार?

त्या शुक्रवारी पास घेऊन खाली आले. रजिस्टरमध्ये सही करता करता सहज विचारलं, "काका, तुम्ही कुठले?"

"इथलाच. या पट्ट्यात आमची भातशेती होती. मी लहान असताना एमआयडीसीत गेली."

मामाचं 'फार तर गेटवर' आठवलं. चार वर्षं या गेटवरून जातेय, पण काकांचं नावही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. आता पास विसरला की चरफडत नाही, निमूट वर जाते.