मुंबई-पुणे : विमानाचा हिशेब आणि खंडाळ्याचा घाट

मुंबईहून पुण्याला विमानाने किती वेळ लागावा? नकाशावर पट्टी ठेवली तर सरळ अंतर भरते सुमारे १२० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटर वेगाने भागाकार केला की उत्तर येते नऊ मिनिटे! पण हा कागदावरचा हिशेब. विमान उंची घेते न घेते तोच त्याला उतरायची तयारी करावी लागते. पूर्ण वेग मिळतच नाही. धावपट्टीची पाळी, वळसे धरून अर्धा-पाऊण तास जातो. त्याआधी तासभर हजेरी, सामानाची तपासणी, नंतर लोहगावहून घरापर्यंत रिक्षा. परळच्या चाळीतून पिंपरीच्या वस्तीत जाणाऱ्याचे तीन तास होतातच. डेक्कन क्वीन सुमारे सव्वातीन तासांत पोचवते, तेही कितीतरी कमी पैशांत.

रेल्वेने मात्र हेच अंतर १९२ किलोमीटर. गाडी आधी कल्याणपर्यंत उत्तरेकडे जाते, मग दक्षिणेला कर्जतकडे वळते आणि पुढे उभा राहतो बोरघाट. खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवरून खालची दरी पाहिली की सरळ रेषा पक्ष्यांसाठीच असते हे पटते.

हा लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात झाला. सुमारे २५ किलोमीटरमध्ये १,८३१ फूट चढ आणि २५ बोगदे. इंजिनियर बर्कले यांचे नाव इतिहासात आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आला आणि थोड्याच दिवसांत वारला. मग त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम चालवले, याचीही नोंद आहे. पण १८६१ मध्ये इथे चाळीस हजारांवर मजूर राबत होते. दोराने कड्यावर लोंबकळून त्यांनी सुरुंगाची भोके पाडली. पटकीने किती गेले, दरडीखाली किती गेले! त्यांची नावे आपल्याला कोण सांगणार? लोकांनी एकच नाव जपले, धनगर शिंगरोबाचे. वाट त्याने दाखवली आणि साहेबाने त्यालाच गोळी घातली, असे सांगतात. जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळ आहे. ट्रक ड्रायव्हर नाणे टाकून पुढे जातात.

आजही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात, ती लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. तेवढ्यात आपला वडा होतो. २०२३ पासून वंदे भारत या मदतीशिवाय चढते. तिचे भाडेही तसेच चढते!

रेल्वेच्या फार आधी, दोन हजार वर्षांपूर्वी, कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी आणि भिक्खू याच डोंगररांगेतून पायी वर येत. घाटाखाली कोंडाणे, घाटावर भाजे आणि कार्ले ही लेणी त्यांच्या वाटेवरचीच. कार्ल्याच्या चैत्यात दात्यांची नावे कोरली आहेत. त्यांत राजघराण्यातले आहेत, व्यापारी आहेत, आणि धेनुकाकट गावचा सामी नावाचा एक सुतारही आहे. दाराचे काम त्याने केले, म्हणून त्याचे आणि त्याच्या बापाचे नाव तिथे कोरले गेले. मजुराच्या मुलाने हे जरूर पाहावे.

जायचे असेल तर पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरावे. दक्षिणेला भाजे, उत्तरेला कार्ले. सकाळी लवकर निघाल्यास दोन्ही एका रविवारी होतात. पायऱ्या पुष्कळ आहेत, म्हातारी माणसे बरोबर असतील तर पाणी आणि डबा घ्यावा.