हसण्यावारी नेण्याआधी

वाचकहो, सकाळच्या वृत्तपत्रात संगणकाविषयी एखादी मोठी बातमी झळकली की एकाच घरात तिचे दोन परिणाम दिसतात. आजोबांच्या कपाळावर आठी उमटते आणि संगणक अभियंता असलेला नातू मात्र हसत सुटतो. ‘यंत्रे आता माणसांची कामे करणार’ असे वाचून आईच्या पोटात गोळा येतो. लेक म्हणते, ‘‘करू दे की! सोमवारच्या मीटिंगलाही त्यांनाच बसवू.’’ वडीलधाऱ्यांना वाटते, या पिढीला कशाचेच गांभीर्य नाही. या हसण्याविषयी एक डॉक्टर म्हणून आपल्याशी थोडे बोलावेसे वाटते.

माझा दवाखाना पुण्याच्या पश्चिमेला, हिंजवडीच्या वाटेवर आहे. संध्याकाळी येणाऱ्यांपैकी अनेकांच्या गळ्यात कंपनीचे ओळखपत्र लटकत असते. आखडलेली मान, आम्लपित्त, डोळ्यांची जळजळ आणि न लागणारी झोप या त्यांच्या नेहमीच्या तक्रारी. या तक्रारींसोबत त्यांचा विनोदही मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, आणि तो मला मनापासून आवडतो.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार आपल्याला आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे विंडोजवर चालणारे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. विमाने रद्द झाली, अनेक देशांत रुग्णालयांची कामे खोळंबली, आपल्याकडे काही प्रवाशांच्या हाती चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. त्या संध्याकाळी माझ्या प्रतीक्षालयात जणू हास्यकट्टाच भरला होता. एक जण म्हणाला, ‘‘डॉक्टर, ते पास तुम्ही लिहिले असते, तर एकही प्रवासी विमानापर्यंत पोहोचला नसता!’’ शुक्रवारी कोणताही बदल पाठवू नये, हा या व्यवसायातला जुना दंडक. त्यावरून शेरेबाजी रंगली. काही संगणक पंधरा-पंधरा वेळा बंद-चालू करावे लागत असल्याचे कळल्यावर एक तरुणी म्हणाली, ‘‘तुमच्या ‘दिवसातून तीन वेळा’पेक्षा हा डोस जरा जडच आहे.’’ सर्वांत मोठ्याने हसणाऱ्या गृहस्थांना औषध घेऊन पुन्हा कार्यालयात जायचे होते. ती रात्र त्यांना बंद पडलेले संगणक एकेक करून सुरू करण्यात घालवायची होती.

हे हसू बेफिकिरीचे असते, असे मला वाटत नाही. या व्यवसायाची ती जुनी रीत आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील मार्क-२ या अजस्र संगणकाच्या एका भागात पतंग अडकलेला सापडला. यंत्रातील दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याचा प्रघात त्याआधीपासूनच होता. तेथील मंडळींनी तो पतंग नोंदवहीत चिकटवला आणि खराखुरा किडा सापडल्याची ही पहिलीच घटना, अशा अर्थाची नोंद खाली केली. ते पान आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. पुढे १ एप्रिल १९९८ रोजी इंटरनेटच्या अधिकृत नियमपत्रांच्या मालिकेत कॉफीयंत्र दुरून चालवण्याचे नियम गंभीर भाषेत प्रसिद्ध झाले. चहाच्या किटलीकडे कॉफी मागितल्यास तिने ‘४१८ : मी किटली आहे’ असे उत्तर द्यावे, असे त्यात म्हटले होते. तो एप्रिल फूल होता; पण ४१८ हा क्रमांक अभियंत्यांनी इतक्या प्रेमाने जपला की तो आजही अनेक प्रणालींत आढळतो.

ज्याला यंत्र आतून ठाऊक असते, त्याला त्याचे फारसे भय वाटत नाही आणि फारसे अप्रूपही वाटत नाही. जगाला चमत्कार किंवा संकट वाटणाऱ्या बातमीमागे कुणीतरी दमलेला माणूस, विसरलेली एखादी ओळ आणि घाईचा शुक्रवार असणार, हे तो अनुभवाने ओळखतो. आम्हा डॉक्टरांमध्येही रात्रपाळीच्या खोलीत असाच विनोद चालतो. जॉर्ज व्हायलंट या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी ताण पेलण्याच्या परिपक्व मार्गांत विनोदाची गणना केली आहे. मनमोकळ्या हसण्याने श्वास खोल होतो, हसून झाल्यावर आवळलेले स्नायू सैल पडतात आणि आपण एकटे नाही, ही जाणीव होते. हा लाभ खरा आहे. मात्र हसण्याने झोपेची उणीव भरून निघत नाही आणि वाढलेला रक्तदाबही आटोक्यात येत नाही.

म्हणून मी त्यांचा विनोद ऐकताना एक गोष्ट न्याहाळत असतो : विनोदाचा रोख कुणाकडे आहे? यंत्राकडे, बातमीकडे, साहेबांकडे असेल, तर मीही हसतो. तो रोख वळून स्वतःकडे आला आणि तेथेच मुक्कामाला राहिला, तर मी लेखणी खाली ठेवतो.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पस्तिशीतला एक अभियंता आम्लपित्तासाठी पत्नीसह आला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नोकऱ्या जाणार, अशी बातमी त्या दिवशी होतीच. तो म्हणाला, ‘‘मला कशाची भीती? माझी आवृत्ती कालबाह्यच आहे. एकदा कायमचे बंद केले की सगळ्यांचीच सुटका.’’ पत्नी सवयीने हसली. मी विचारले, ‘‘झोप किती तास होते?’’ तो क्षणभर थांबला. ‘‘तीन. कधी चार.’’ मग हळूहळू बाकीचे बाहेर आले : रात्री-अपरात्री वाजणारा कामाचा फोन, घराचा हप्ता, रिकामी होत चाललेली शेजारची टेबले, नकोसे झालेले जेवण. जीव नकोसा वाटतो का, हेही मी स्पष्ट विचारले. तसे विचार डोकावून जातात, असे त्याने खाली मान घालून सांगितले. पत्नी म्हणाली, ‘‘डॉक्टर, हे तर घरात सगळ्यांना हसवत असतात. मला वाटायचे, मजेत आहेत.’’ त्याच आठवड्यात तो मनोविकारतज्ज्ञांकडे गेला. काही महिन्यांनी त्याची झोप सुधारली. बातम्यांवर तो अजूनही विनोद करतो. त्यांचा रोख पुन्हा यंत्राकडे गेला आहे.

वाचकहो, घरातला विनोद बहुधा घरासाठीच केलेला असतो. बातमी आली की आपण विचारतो, ‘‘तुझ्या नोकरीला काही धोका नाही ना?’’ या प्रश्नाचे खरे उत्तर त्याच्यापाशी नसते आणि आपली काळजी वाढू नये, असेही त्याला वाटते. मग तो विनोद पुढे करतो. आपण निश्चिंत होतो आणि तो आपल्या भीतीसह एकटा उरतो.

तेव्हा आधी त्याच्यासोबत हसावे. विनोदाला नाक मुरडले तर पुढचे बोलणेच खुंटते. हसून झाल्यावर, शक्यतो दोघेच असताना, साधा प्रश्न करावा : ‘‘हल्ली झोप नीट लागते ना?’’ आणि मग उत्तरासाठी थांबावे. मध्येच उपदेश करू नये, शेजारच्यांच्या मुलाचे दाखले देऊ नयेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा आवडत्या गोष्टींतील रस हरवलेला दिसला, तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटावे. ‘मी नसलो तरी चालेल’ अशा अर्थाचे बोलणे, मग ते कितीही हसत केलेले असो, त्याच दिवशी गांभीर्याने घ्यावे. असे विचार येतात का, हे थेट विचारण्यास कचरू नये. विचारल्याने ते विचार मनात पेरले जात नाहीत, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. अशा व्यक्तीला एकटे सोडू नये आणि वैद्यकीय मदत लगेच घ्यावी. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तो रात्रंदिवस चालू असतो. फ्रिजच्या दारावर दूधवाल्याच्या क्रमांकाशेजारी तोही लिहून ठेवावा.